पाखरांची बोली आणि पारध्यांची विद्या

वैशाखात माडाच्या चुडतातले एक हिरवे पाते काढून, ते गुंडाळून, सुटू नये म्हणून हीर खोचून पिपाणी करण्याचा उद्योग मालवणच्या बाजूला वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी केला असेल. आम्हीही केला. आंब्याची कोय दगडावर घासून तिची पुंगी केली. तिच्या आवाजाने घरातली वडीलधारी माणसे त्रासत. पातळ पात्याला वारा लागला की ते थरथरते आणि बोलते, एवढेच त्यातले शास्त्र. पण एवढ्याशाच शास्त्रावर जगात कित्येकांनी पोट भरले आहे, आणि त्याच विद्येवरून काहींना मान मिळाला, तर काहींना बेडी. हा फरक कसा पडला, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभ दूरच्या देशापासून करू. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. तो आपल्याकडे आला तो आमच्या शेजारच्या गोव्यातून. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या नवलाच्या वस्तू मुकर्रबखान या सरदाराने १६१२ साली जहांगीर बादशहापुढे नेल्या. त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, याची नोंद बादशहाने आपल्या आठवणींत करून ठेवली. मन्सूर या दरबारी चित्रकाराच्या नावाने ओळखले जाणारे त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याचे नाव 'पेरू'. आपण तोच शब्द एका फळासाठी वापरतो.

अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार वसंतात होते. त्या दिवसांत नर मोठ्याने ओरडतो आणि सामान्यतः मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हा क्रम उलटा करतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नरालाच आपल्याकडे यावयास लावतो. त्यासाठी टर्कीच्याच पंखाची तीन पोकळ हाडे एकात एक बसवून नळी करतात. ती फुंकायची नसते, ओठांनी आत ओढायची असते. कोणी पाटीच्या दगडावर लाकडी काडी घासतात. कोणी पातळ लाकडाची पेटी करून तिच्या कडेवर खडू लावलेले झाकण घासतात. अशा पेटीचे एकस्व अर्कान्सासमधील हेन्री गिब्सन याने १८९७ साली घेतले. आमच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांना ती पेटी पाहून करणे अवघड जाणार नाही. पण पेटी करणे वेगळे आणि बोलणे वेगळे. किती वेळा बोलावे, आणि मुख्य म्हणजे केव्हा गप्प बसावे, हे वर्षानुवर्षे पहाटे रानात बसल्यावाचून कळत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. येथे हीच विद्या फासेपारध्यांची. नावच फाशावरून पडलेले. बांबूच्या लहान खुंट्यांना बांधलेले फासे, पूर्वी घोड्याच्या केसांचे, पुढे नायलॉनचे, ओळीने मांडायचे आणि पाखरांना तिकडे वळवायचे. तितर, लावा यांचे आवाज ही माणसे तोंडाने काढतात. पिंजऱ्यातला पाळीव तितर हेही एक साधन. टर्कीचा नर मादीच्या ओढीने येतो, तर रानातला तितर येतो तो भांडायला, आपल्या हद्दीत दुसरा कोण शिरला हे पाहायला. यांच्यातील गायपारधी शिकवलेल्या गुरांच्या आडून सावजाजवळ जात. ही युक्ती आजची नाही. कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मृगयेचे प्रकरण आहे, आणि माणसाळलेले हरीण पुढे करून रानातली हरणे भुलवण्याची रीत त्यात सांगितली आहे. राजाने केली म्हणून ती विद्या ग्रंथात गेली.

इंग्रजी अमलात काय झाले ते पाहा. ह्यूम आणि मार्शल या दोन साहेबांचा हिंदुस्थानातील शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला. यांतले ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम. साहेबाच्या खांद्यावर बंदूक, म्हणून तो शौकीन शिकारी. पारध्याच्या झोळीत फासे, म्हणून तो संशयित. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लावता येऊ लागला. अमुक जातीत जन्मला, एवढाच गुन्हा. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. हिंडण्यावर ज्याचे पोट, त्याच्या पायालाच दोरी! सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट झाली आणि तिच्यातल्या माणसांना तिथल्या गिरण्यांत कामाला लावण्यात आले. पाखराची बोली जाणणाऱ्या कानांवर मागांचा खडखडाट आला. गिरणी कामगारांच्या इतिहासात या माणसांचे पान आम्हा संघटनावाल्यांनीही पुरते लिहिलेले नाही, ही कबुली येथेच दिलेली बरी.

मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ साली गेला, देशभर १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पारध्याचा पाल दिसला की प्रथम संशय घेण्याची सवय कोणत्याच कायद्याने रद्द झाली नाही. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली.

येथे गैरसमज नको. आम्ही या कायद्याच्या विरुद्ध नाही. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याला पहाटे रानकोंबडा आरवतो तो ऐकायला उरावा, अशीच आमची इच्छा आहे. फासा थांबला, हे योग्यच झाले. प्रश्न एवढाच, की फाशाबरोबर त्या माणसाची रोजीही थांबली, तिची भरपाई कोणी केली?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रानटी टर्की फार थोड्या उरल्या होत्या. १९३७ साली तिथे कायदा करून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या संवर्धनाला लावला. पक्षी पकडून रिकाम्या रानांत सोडले, आणि आज ते पुन्हा लाखांनी आहेत. हाडाची नळी आणि खडूची पेटी करणारे कारागीर तिथे कलावंत म्हणून नावाजले जातात.

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा पक्षी जिवंत आणि न दुखावता पकडण्यासाठी बिहारचे पिढीजात मीरशिकार उपयोगी पडले. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. पाखरांची नावे आणि सवयी त्यांनी आदिवासी आणि पारध्यांकडून मिळवल्या, आणि ते ऋण लपवले नाही. अकोला-वाशीमकडच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर उड्या मारतो आणि बेडकासारखा आवाज करतो. २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. त्याच्या रक्षणाच्या कामात तिथले फासेपारधी सामील झाले आहेत. ज्या कानाने तो शोधून धरला जाई, त्याच कानाने आता तो राखला जातो.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. आमची शाळा काजूच्या कारखान्यांच्या दारात भरली. एकदा एका कारखान्याच्या हजेरीपुस्तकात गर सोलणाऱ्या बायांपुढे 'अकुशल' असा शेरा वाचला. अख्खा गर न फुटता काढणारी ती बोटे! आम्ही मालकाला म्हटले, आपण एक गर काढून दाखवा. त्यांनी काढला, त्याचे तीन तुकडे झाले. शेरा मात्र बदलला नाही. तो बदलायला पुढे बराच झगडा द्यावा लागला.

पारध्याची गोष्ट याहून निराळी नाही. जी विद्या पुस्तकातून येत नाही, तिला विद्या म्हणायला आपला समाज कचरतो, आणि विद्या म्हटले नाही की मजुरी द्यावी लागत नाही. तेव्हा आमचे मागणे साधे आहे. रानात पक्ष्यांची मोजदाद होते, अभ्यासक येतात, अहवाल निघतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या, आवाज ओळखून देणाऱ्या माणसाला दिवसाचा खाऊ देऊन वाटेला लावू नये. त्याला ठरलेला पगार द्यावा आणि अहवालात त्याचे नाव घालावे. त्याच्या बापजाद्यांचे नाव सरकारी वहीत फार वर्षे लिहिले गेले, पण ते पोलिसांच्या वहीत. आता ते दुसऱ्या वहीत लिहिले जावे.