कॅमेऱ्याची निवड आणि चित्रांचें जतन

दसरा-दिवाळीचा सुमार आला म्हणजे मध्यम स्थितींतील कुटुंबांत यंत्रखरेदीची वाटाघाट सुरू होते. दूरचित्रवाणीचा नवा संच घ्यावा कीं कॅमेरा, आणि निराळा कॅमेरा न घेतां उत्तम कॅमेऱ्याचा फोनच घ्यावा कीं काय, यावर घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी जाहिराती पुढें मांडून मेगापिक्सेलांची तुलना करितात; वडील मंडळी किमतीचा आंकडा तेवढा पाहतात. विश्वास दोघांचाहि आंकड्यावरच असतो. परंतु या आंकड्यांचा पूर्वेतिहास पाहिला असतां असें दिसून येतें कीं, गिऱ्हाइकास जो आंकडा मोठा करून दाखविण्यांत आला, तो अखेरीस निर्णायक ठरला नाहीं. आणि जी गोष्ट प्रथम विचारावयास पाहिजे होती, म्हणजे घेतलेल्या चित्राचें पुढें जतन कसें व्हावयाचें, तिची चौकशी दुकानांत कोणीच केली नाहीं. डिजिटल कॅमेऱ्याच्या सुमारें पन्नास वर्षांच्या इतिहासावरून हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्याच्या पूर्वीच्या काळाकडे थोडें वळलें पाहिजे. मुंबईस छायाचित्रणाची सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. त्या काळीं कॅमेरा ही घरगुती वस्तु नव्हतीच. रसायनें, काचा व अंधारी खोली यांची माहिती असलेल्या मोजक्या लोकांची ती विद्या होती. पुढें मुंबईंतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९६ सालीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें पाहिलीं आणि विलायतेहून एकवीस गिनी मोजून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रण केलें. यंत्र निवडणारा आणि चित्र घडविणारा या दोन्ही व्यक्ति येथें एकच होत्या.

ही स्थिति अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें पालटली. १८८८ सालीं त्यानें कोडॅक नांवाचा कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. ती संपली म्हणजे कॅमेरा सबंधच्या सबंध रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवावयाचा. कारखान्यानें दहा डॉलर घेऊन चित्रें छापावयाचीं व नवी फिल्म भरून तो परत करावयाचा. गिऱ्हाइकाचें काम कळ दाबण्यापुरतें राहिलें. १९०० सालीं निघालेल्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमत तर अवघी एक डॉलर होती. कॅमेरा मुलांच्या हातांत आला तो येथून.

या व्यवस्थेंतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फिल्म हेंच चित्र होतें, आणि कागदावरील ठसा ही त्याची नक्कल होती. कॅमेरा मोडला, कारखाना बुडाला, तरी भिंतीवरील तसबीर व पेटींतील आल्बम जागच्या जागीं राहत. त्यांना पाहण्यास डोळ्यांवांचून दुसरें यंत्र लागत नसे. म्हणून कॅमेरा निवडतांना जतनाचा विचार करण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं. तो विचार वस्तूच्या घडणीनेंच परस्पर उरकला जात होता. पुढें घडण बदलली, तरी आमची संवय मात्र तीच राहिली.

घडण बदलण्याचा प्रारंभ १९६९ सालचा. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाची अर्धवाहकाची रचना शोधून काढली. तीबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रकाश पडला असतां या रचनेंतील बारीक बारीक कप्प्यांत विद्युत्भार साठतो, आणि तो क्रमानें बाहेर काढून मोजतां येतो. म्हणजे प्रकाशाचें रूपांतर आंकड्यांत करितां येतें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या पंचविशींतील अभियंत्यानें अशी एक सीसीडी व चलच्चित्र-कॅमेऱ्याचें एक भिंग जोडून जगांतील पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा सिद्ध केला. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें. चित्र कृष्णधवल असून तें शंभर ओळींचें व प्रत्येक ओळींत शंभर बिंदूंचें, म्हणजे एकंदर दहा हजार बिंदूंचें होतें. तें साध्या कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत, आणि पाहावयाचें तें दूरचित्रवाणीच्या पडद्यावर.

याविषयीं एक प्रवाद फार पसरलेला आहे. तो असा कीं, कोडॅकच्या चालकांनीं हा शोध कपाटांत दडपून ठेविला व त्या पापाचें फळ म्हणून कंपनी बुडाली. नीतिकथा म्हणून ही गोष्ट चांगली आहे. परंतु इतिहास म्हणून ती अपुरी आहे. कोडॅकनें या कॅमेऱ्याचें पेटंट घेतलें व तें १९७८ सालीं मंजूर झालें. तिच्याच नोकरींतील ब्राइस बायर यानें योजिलेल्या रंगजाळीचें पेटंट १९७६ सालचें असून आजहि बहुतेक कॅमेऱ्यांत तीच जाळी वापरण्यांत येते. १९९१ सालीं कोडॅकनें वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीं तेरा लक्ष बिंदूंचा डिजिटल कॅमेरा विकावयास काढला, आणि २००५ सालीं अमेरिकेंत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रींत तिचा पहिला क्रमांक होता. मग २०१२ च्या जानेवारींत तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय कां घ्यावा लागला? आमच्या मतें याचें कारण असें कीं, तिचा खरा नफा कॅमेऱ्यावर नव्हता. तो फिल्म, कागद व रसायनें यांवर होता. चित्र टिकविण्याच्या सामुग्रीवर हा सारा वैभवाचा डोलारा उभा होता. डिजिटल कॅमेऱ्यानें ती सामुग्रीच अनावश्यक केली. कंपनीस तिचा धंदा गमवावा लागला. परंतु त्याबरोबरच आपल्या घरांतील चित्र टिकविणारी व्यवस्थाहि गेली, हें पुष्कळांच्या लक्षांत आलें नाहीं.

आतां प्रसिद्ध मेगापिक्सेलाकडे वळूं. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. कागदावर सुबक छपाई व्हावी यासाठीं इंचास तीनशें बिंदु धरण्याची रीत आहे. त्या हिशेबानें चार इंच बाय सहा इंच चित्रास बाराशें गुणिले अठराशें, म्हणजे सुमारें बावीस लक्ष बिंदु पुरतात. आठ बाय दहाच्या मोठ्या चित्रासहि सुमारें बहात्तर लक्ष पुरे होतात. निकॉन कंपनीचा १९९९ सालचा डी-वन हा कॅमेरा सत्तावीस लक्ष बिंदूंचाच होता. परंतु धंदेवाईक छायाचित्रकारांनीं त्यावर आपली उपजीविका चालविली. शिवाय बायरच्या जाळीमुळें प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा यांपैकीं एकच रंग दिसतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणितानें भरून काढावे लागतात. म्हणजे जाहिरातींतील बिंदूसुद्धां पुरा नसतो.

बिंदूंच्या संख्येपेक्षां ज्या पृष्ठावर ते मांडलेले असतात त्याचें क्षेत्रफळ अधिक महत्त्वाचें. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असे. खिशांत मावणाऱ्या पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांत तें अवघें पंचवीसच्या आसपास होतें. एवढ्याशा जागेंत बिंदूंची दाटी केली म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश थोडा येतो, आणि दिव्याच्या मंद उजेडांत घेतलेलें चित्र कणीदार होतें. एका शेतांत रोपें दुप्पट लावल्यानें पीक दुप्पट येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. परंतु क्षेत्रफळाचा आंकडा समजावून सांगावा लागतो, आणि मेगापिक्सेलाचा आंकडा नुसता मोठ्यानें वाचला कीं पुरतो.

लोकांनीं तरी अखेर हा आंकडा मानला काय? २००० सालीं जपानांत शार्प कंपनीचा कॅमेरायुक्त फोन निघाला. त्याचे बिंदु एक लक्षाच्या थोडे वर होते. त्याच सुमारास वीस-तीस लक्षांचे स्वतंत्र कॅमेरे बाजारांत होते. आंकड्यानेंच निकाल लागावयाचा असता, तर फोन पहिल्याच दिवशीं हरावयास पाहिजे होता. झालें उलट. २०१० सालीं जगांत सुमारें बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० सालीं ती संख्या एक कोटीच्याहि खालीं आली. लोकांनीं जो कॅमेरा निवडला तो सदैव जवळ असणारा होता, सर्वांत बारीक पाहणारा नव्हे. व्हिडिओच्या फितींचेंहि असेंच झालें होतें. सोनीचा बेटामॅक्स १९७५ सालीं निघाला. त्याच्या प्रारंभींच्या फितीवर एक तासाचें मुद्रण होई. पुढच्याच वर्षीं आलेल्या व्हीएचएस पद्धतीच्या फितीवर दोन तास मावत. चित्राच्या सुबकतेंत बेटामॅक्स सरस असल्याचा लौकिक होता. परंतु एका फितीवर सबंध चित्रपट मावतो ही सोय लोकांनीं अधिक मानली, आणि १९८८ सालीं खुद्द सोनीनेंहि व्हीएचएसचीं यंत्रें करण्यास आरंभ केला.

परंतु या जयाचा शेवट कसा झाला, तेंहि पाहावें. २०१६ सालीं जपानांतील फुनाई या कंपनीनें व्हीएचएस यंत्रांचें उत्पादन थांबविलें, आणि जिंकलेली पद्धति हरलेलीच्या पंक्तीस जाऊन बसली. लग्नामुंजीच्या फिती कपाटांत आहेत. त्या वाचणारें यंत्र नाहीं. डिजिटल चित्रांच्या साठवणीचीहि हीच कथा. १९९४ सालीं कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ सालीं स्मार्टमीडिया, १९९८ सालीं मेमरी स्टिक, त्यामागून एसडी आणि २००२ सालीं एक्सडी, अशीं पांच प्रकारचीं कार्डें आठ-दहा वर्षांत निघालीं. सोनीनें तर १९९७ सालीं फ्लॉपीवर चित्रें उतरविणारा कॅमेरा काढला होता. आज यांतील बहुतेकांना घरांतील कोणत्याहि यंत्रांत जागा नाहीं.

हें आम्ही परक्याच्या अनुभवावरून सांगत नाहीं. २००४ सालच्या एका घरगुती समारंभाचीं चित्रें आमच्या संग्रहीं एका तबकडीवर आहेत. तबकडी लखलखीत आहे. तीवर ओरखडाहि नाहीं. अलीकडे ती पाहूं गेलों तों घरच्या संगणकास तबकडी घालण्याचें द्वारच नव्हतें. बाहेरून वाचक-यंत्र आणून लावलें, तेव्हां निम्मीं चित्रें उघडलीं, निम्मीं उघडलीं नाहींत. न उघडलेल्यांत आमच्या मातोश्रींचें शेवटचें चित्र होतें. त्याच कपाटांत आमच्या आजोबांची पगडी घातलेली तसबीर आहे. तिचा कागद पिवळा पडला आहे, एक कोपरा कसरीनें खाल्ला आहे. परंतु आजोबा दिसतात.

यावरून नवें तें टाकाऊ व जुनें तें सोनें असा निष्कर्ष कोणी काढूं नये. फिल्मला बुरशी लागते, रंगीत कागदाचे रंग उडतात, वाळवी व पूर कांहींच ठेवीत नाहींत. उलट, डिजिटल चित्राच्या अंगीं एक असा गुण आहे कीं, जो फिल्मला कधींहि साधला नाहीं: त्याची नक्कल मुळाबरहुकूम होते. या गुणाची किंमत महाराष्ट्रास समजावून सांगण्याचें वस्तुतः कारण नाहीं. आपल्याकडे ग्रंथ तरले ते मूळ प्रत टिकली म्हणून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी नवी प्रत करीत राहिलें म्हणून. त्यांत लेखकांचे प्रमाद शिरत. म्हणूनच शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथमहाराजांस ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्याचें परिश्रम घ्यावे लागले. आमच्या यंत्रांना तो प्रमादाचा दोष नाहीं. उणीव आहे ती नक्कल करण्याच्या निष्ठेची.

तेव्हां दिवाळीस कॅमेरा वा फोन जरूर घ्यावा. परंतु दुकानदारास मेगापिक्सेल विचारण्याबरोबर तीन गोष्टी विचाराव्या. हीं चित्रें ज्या रूपांत साठविलीं जातील तें रूप सर्वत्र प्रचलित आहे काय? जेपेगची पद्धति १९९२ सालची असून ती आजहि सर्वत्र उघडते, ही मोठीच सोय आहे. हीं चित्रें यंत्रांतून सहज बाहेर काढतां येतात काय? आणि तीं एखाद्या कंपनीच्या दूरच्या भांडारांत ठेविलीं, तर तें भांडार बंद झाल्यावर काय? कोडॅकचेंच असें एक भांडार २०१२ सालीं बंद झालें, व तेथील चित्रें दुसऱ्या कंपनीकडे सोंपविण्यांत आलीं. सारीं चित्रें ठेवण्याचाहि अट्टाहास नको. वर्षाकाठीं निवडक पन्नास चित्रें काढावीं, त्यांचीं नांवनिशी लिहावी, दोन निरनिराळ्या ठिकाणीं त्यांच्या प्रती ठेवाव्या व प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्या नव्यानें कराव्या. आणि पांच-दहा तरी कागदावर छापून घ्यावीं.

पूर्वीं चातुर्मासांत पोथी बाहेर काढून, झटकून, ऊन दाखवून पुन्हां बासनांत बांधीत. तसा एक दिवस चित्रांकरितां राखून ठेवण्यास कोणत्याहि कुटुंबास अडचण पडूं नये.