पखालीची शिवण आणि पाण्याखालचा श्वास

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीविषयी लिहिणारे पलटणींबद्दल आणि १८५७ साली इथे झालेल्या घोडदळाच्या बंडाबद्दल लिहितात. त्या पलटणींना पाणी पाजणारा भिश्ती आणि त्याची पखाल शिवणारा कारागीर या इतिहासात क्वचितच दिसतात. नळ येण्यापूर्वी हिंदुस्थानातली कोणतीही छावणी भिश्त्यावाचून चालत नसे. त्याच्या खांद्यावर बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची मशक असे, आणि बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी मोठी पखाल.

आपल्याकडे कातडे कमावून मोटा आणि पखाली शिवण्याचे काम मुख्यतः ढोर-कक्कय्या समाजाकडे होते. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवायचे, आत बाभळीची साल आणि हिरडा भरायचा, पिशवी टांगून वरून पाणी ओतायचे. खाली झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. पाणी कुठे पाझरते हे कारागीर असे रोजच पाहत असे.

पखालीच्या शिवणीत एक मर्म आहे. पाणी लागले की कातडे फुगते आणि आरीने पाडलेली भोके वादीभोवती आवळून येतात. ओली पखाल आपली शिवण आपणच बुजवते. हवेपाशी मात्र ही युक्ती चालत नाही. कोरड्या शिवणीतून ती निसटतेच. लोहाराचा भाता शिवलेला असूनही चालतो, कारण त्याला हवा साठवायची नसते, फुंकायची असते. पाणी धरणारी शिवण आणि हवा धरणारी शिवण यांतले हे अंतर ओलांडायला माणसाला फार काळ लागला.

कातड्यात हवा भरून नदी ओलांडण्याची रीत पुरातन आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या असीरियन शिल्पपटात फुगवलेल्या कातड्यांवर पोहणारे लोक दिसतात. कातड्याचे तोंड त्यांच्या ओठांत आहे. काहींनी त्यांना पाणबुडे मानले. पण तीस लिटर हवेची पिशवी पाण्याखाली न्यायची तर जवळजवळ तीस किलोचे वजन बांधावे लागेल. ते तरंगत होते, आणि सुटणारी हवा बहुधा फुंकून भरून काढत होते. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता वाचला तोही एका भिश्त्याच्या मशकीच्या आधाराने. त्या भिश्त्याला बादशहाने काही काळ तख्तावर बसवले, हे गुलबदन बेगमेने लिहून ठेवले आहे.

तरंगण्यापुरती गळकी पिशवी चालते. पिशवीतलीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची तर प्रश्न वेगळा होतो. उच्छ्वासात सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो, पण सोबत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइडही असतो, आणि तो साठत जातो. १६८० साली छापलेल्या ग्रंथात बोरेली या इटालियन पंडिताने कातडी पिशवीची कल्पना मांडली. उच्छ्वास तांब्याच्या नळीत थंड झाला की शुद्ध होईल, असे त्याला वाटले. तसे होत नाही.

वाट निघाली ती रबरातून. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देण्याचे पेटंट घेतले. १८७८ च्या सुमारास हेन्री फ्लूस या इंग्रज खलाशाने रबरी मुखवटा, श्वासाची पिशवी, तांब्याच्या टाकीत ऑक्सिजन आणि कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे सूत असे साधन जुळवले. १८८० साली अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या ते लावून पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्याच्या काळोखात शिरला आणि आतले दार बंद करून परतला.

आजही काही हौशी पाणबुडे अशा पिशव्या घरी करतात. रबराचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेले नायलॉन घेतात, जोड उष्णतेने वितळवून सांधतात. शिवलाच तर सुईच्या प्रत्येक भोकावर आतून पट्टी चिकटवतात. मग पिशवी फुगवून साबणाचे पाणी लावतात. उलट परीक्षाही करतात: हवा ओढून घेतात आणि चपटी झालेली पिशवी तशीच राहते का ते पाहतात. कारण गळती दोन्हीकडून घातक. हवा बाहेर गेली तर श्वास अपुरा पडतो. पाणी आत आले आणि रसायनात मिसळले तर तोंड-घसा भाजणारा द्रव नळीतून वर येतो. शिवाय घट्ट शिवण आतल्या हवेची ग्वाही देत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर घुसमट जाणवतेच असे नाही. माणूस सरळ बेशुद्ध होतो. म्हणून घरच्या पिशवीने कित्येकदा गळण्यापेक्षा न गळून जास्त फसवले असेल.

छावणीतल्या कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हीच विद्या दिसते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणे, जागा घासणे, सोल्युशन लावून ते किंचित वाळू देणे आणि मगच ठिगळ दाबणे. मॅकिन्टॉशचे पेटंट राहिले, फ्लूसचे नाव राहिले. पखालीची शिवण ज्यांनी बसवली त्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्यांना आपण अस्पृश्य ठरवले, आणि त्यांनीच शिवलेल्या मोटेचे पाणी मात्र साऱ्या गावाच्या मळ्याला चालले. आरी, वादी, मोट, पखाल हे शब्द ज्यांच्या घरात अजून बोलले जातात, त्या घरांपर्यंत जाऊन ही विद्या लिहून घेणे आपल्या हाती आहे. तेवढी माणसे आहेत तोवरच.