आलेल्या पाण्याला जाण्याची वाट



रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर करीत नेवाशाला येते. तिथेच शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी गीतेवरची टीका सांगितली. उगमाकडे पाऊस अहोरात्र कोसळतो. आमची देवळाली प्रवरा मात्र पर्जन्यछायेत. नदी एकच, पण तिचे दोन मुलूख अगदी निराळे.

हा भेद मिटविण्यासाठी १९१० साली भंडारदऱ्याचे धरण बांधायला घेतले. १९२६ साली ते पुरे झाले. कालवे आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. घरोघरी चार पैसे आले. हे उपकार विसरू नयेत.

पण पाण्याची दुसरी बाजूही पाहा. काळ्या रानात पाणी लवकर निचरत नाही. पाटाचे पाणी मुरत राहिले की जमिनीखालची ओल वर चढते. उन्हाने पाणी उडते, मीठ मागे राहते. मग रान पांढरे फुटते, उगवण होत नाही. नीरा कालव्यावर हेच घडले होते. तिथल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी पुस्तिका लिहिली, तीही १९१० सालीच. म्हणजे इकडे धरणाचे काम निघाले, तेव्हाच इशाराही छापून तयार होता. तरीही प्रवरेच्या पट्ट्यात कितीतरी रान खारवट झाले.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची नव्हे. तैग्रिस व युफ्रेटिस नद्यांकाठच्या सुमेर देशात चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गहू मागे पडला आणि खार सोसणारे जव वाढले. याचे एक कारण खारावलेली जमीन, असे काही अभ्यासक मानतात. मिसर देशात मात्र नाईलचा पूर दरसाल रानात शिरे, ओसरताना मीठ धुऊन नेई. तिथे शेती हजारो वर्षे टिकली. पुढे आस्वानच्या मोठ्या धरणाने पूर थांबले, तेव्हा त्यांनाही निचऱ्याची सोय करावी लागली.

यावरून एवढेच ध्यानी घ्यावे : पाणी आणणे हे अर्धे काम, त्याला जाण्याची वाट देणे हे उरलेले अर्धे. बारी आली की पाणी एकट्याला घेता येते, पण निचऱ्याचा चर एकट्याला काढता येत नाही. तो खालच्या शेजाऱ्याच्या बांधातून ओढ्यापर्यंत जावा लागतो. शेजाऱ्याने अडविला तर वरचे रान नासते. वरच्याने बेसुमार पाणी दिले तर खालचे आधी नासते. ठिबक आले, ताग-ढैंचा गाडणे आले, पण दोन बांधांमधला अबोला कोणत्याही खताने सुटत नाही.

दिंडीत आपण एकमेकांना वाट देतो. पंढरीहून परतल्यावर तीच वाट बांधावरही द्यावी. नातवंडांच्या हाती पांढरे रान द्यायचे की काळे, ते त्यावर ठरेल.

रामकृष्ण हरि!