तारा, आडवी रेघ आणि न झालेली भाषांतरं

वेबसाइट दोन-तीन भाषांत असली आणि भाषांतराचं प्लगिन बदलायची वेळ आली, की पहिला प्रश्न पडतो: आपल्याकडे नक्की कशाचं भाषांतर आहे आणि कशाचं नाही? प्रश्न साधा वाटतो. "मराठीत आहे ना सगळं?" "हो, आहे की." बहुतेक मीटिंगा एवढ्यावरच संपतात. सध्या मी एका सामाजिक संस्थेची आरोग्याची माहिती देणारी साइट जुन्या क्यूट्रान्सलेटवरून पॉलीलँगवर न्यायला मदत करतोय. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा. त्या निमित्ताने ही मोजणी आधी कुणी केली होती हे शोधत मागे मागे गेलो आणि थेट तिसऱ्या शतकात पोचलो. म्हटलं, मंडळींना सांगावं.

माणसाचं नाव ऑरिजेन. जन्म इ. स. १८५ च्या सुमाराचा, घडला अलेक्झांड्रियात, आणि आयुष्यातली शेवटची वीसेक वर्षं गेली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या सीझरियात. त्याच्यापुढची अडचण अशी: धर्मग्रंथ मूळ हिब्रू, पण त्याच्या भोवतालचे लोक वाचायचे ग्रीक भाषांतर. ते भाषांतर काही शतकांपूर्वी, वेगवेगळ्या हातांनी, तुकड्यातुकड्याने झालेलं. मूळ आणि भाषांतर जुळेना. ज्यू पंडितांशी वाद घालताना समोरचा म्हणायचा, हे वाक्य आमच्या ग्रंथात नाहीच. आणि ते खरं असायचं!

मग ऑरिजेनने काय केलं? तक्ता आखला. सहा उभे रकाने. पहिल्यात हिब्रू, दुसऱ्यात तेच हिब्रू ग्रीक लिपीत (आपण मराठी रोमनमध्ये टाइप करायचो तसं), आणि पुढच्या चारांत चार ग्रीक भाषांतरं: अक्विला, सिमाखुस, प्रचलित सेप्टुआजिंट आणि थिओडोशन. एका ओळीत एक किंवा दोन शब्द. याचं नाव हेक्साप्ला, म्हणजे सहापदरी. अभ्यासकांचा अंदाज आहे की पानं सहा हजारांच्या वर भरली असतील. एक्सेल नाही, फिल्टर नाही, बोरू आणि शाई.

या तुलनेतून त्याने दुरुस्त केलेल्या ग्रीक पाठाला खुणा केल्या. (खुणा मूळ सहा रकान्यांच्या तक्त्यातच होत्या की त्यावरून काढलेल्या वेगळ्या प्रतीत, यावर विद्वान अजून भांडतात. आपल्याला त्याचं फारसं काही नाही.) हिब्रूत आहे पण ग्रीकमध्ये नाही असा मजकूर त्याने बहुधा थिओडोशनच्या भाषांतरातून उचलून भरला आणि त्याच्या आधी तारा काढला. ग्रीकमध्ये आहे पण हिब्रूत नाही, तिथे आडवी रेघ. आणि खुणेचा मजकूर जिथे संपतो तिथे तिसरी खूण. बघा, ओपनिंग टॅग आणि क्लोजिंग टॅग! रेघ आणि तारा त्याचे स्वतःचे नव्हेत. अलेक्झांड्रियात होमरच्या हस्तलिखितांसाठी अरिस्टार्कसने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्या वापरल्या होत्या, ऑरिजेनने त्या या कामाला लावल्या.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्याने रेघवाला मजकूर उडवला नाही. मुळात नाही म्हणून फेकून दिला असता तर काम सोपं झालं असतं. पण लोक ते वाचत होते, म्हणून ठेवलं आणि खूण केली. आमच्या साइटवरसुद्धा अशी पानं निघाली जी फक्त मराठीत आहेत, इंग्रजीत कधी लिहिलीच गेली नाहीत. इंग्रजीला मूळ धरून चालणारी कुठलीही स्क्रिप्ट त्यांना कचरा समजते.

फरक किती होता? जुना ग्रीक ईयोब हिब्रूपेक्षा साधारण एक षष्ठांशाने लहान आहे, आणि यिर्मया एक अष्टमांशाने. वर यिर्मयात क्रमही वेगळा: परराष्ट्रांविषयीची प्रकरणं हिब्रूत शेवटाकडे आहेत, ग्रीकमध्ये मधेच. म्हणजे नुसती प्रकरणं मोजून किंवा क्रमांक जुळवून भागत नाही. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याचा जोडीदार, हे आधी ठरवावं लागतं.

आता या गोष्टीतला दुःखाचा भाग. अख्खा हेक्साप्ला कोण उतरवून घेणार? इ. स. ३०० च्या आसपास पॅम्फिलस आणि युसेबियस यांनी सीझरियातच फक्त पाचव्या रकान्याच्या प्रती काढल्या, खुणांसकट. पण त्यापुढच्या नकलाकारांसमोर एकटा पाचवा रकाना होता. शेजारी हिब्रू नाही, थिओडोशन नाही. मग हे तारे कसले? हळूहळू गाळले गेले. मजकूर राहिला, मेटाडेटा गेला, आणि जुनं ग्रीक कुठलं आणि ऑरिजेनने भरलेलं कुठलं हे अनेक हस्तलिखितांत ओळखता येईनासं झालं. भाषांतरातल्या फटी दाखवायला केलेल्या कामानेच शेवटी फटी बुजवून टाकल्या. थोडं वाचलं ते इ. स. ६१६-१७ मध्ये टेल्लाच्या पौलाने केलेल्या सिरियाक भाषांतरामुळे, कारण त्याने खुणा इमानाने उतरवल्या. मूळ तक्ता नष्ट झाला. त्याच्या रकान्यांचे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या ग्रंथालयात जिओव्हानी मेर्काती यांना सापडले, तेही खरवडून पुन्हा लिहिलेल्या पानांवर, वरच्या मजकुराच्या खाली.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ते एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारी मराठी असं. अशा छपाईत एक बाजू राहिली तर पांढरी जागा डोळ्यात खुपते. संगणकाने ही सोय काढून घेतली. १९९५ मध्ये आलेल्या ग्नू गेटटेक्स्टमध्ये (वर्डप्रेसचं स्वतःचं भाषांतर आजही याच पद्धतीवर चालतं) इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते, आणि भाषांतर नसेल तर गुपचूप तेच इंग्रजी दाखवलं जातं. साइट मोडत नाही, एरर येत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. तरी गेटटेक्स्ट प्रामाणिक आहे: मूळ वाक्य थोडं बदललं तर जुन्या भाषांतरावर 'फझी' शिक्का बसतो आणि तपासेपर्यंत ते सहसा वापरलं जात नाही.

पण हे झालं बटणांचं आणि मेनूंचं. लेखांचं काय? तिथे प्रत्येक प्लगिनचं वेगळं बिऱ्हाड. क्यूट्रान्सलेट तिन्ही भाषा एकाच नोंदीत, मधे खुणा घालून, कोंबायचं. प्लगिन बंद केलं की मराठी, हिंदी, इंग्रजी एकाखाली एक उघडी पडतात. डब्ल्यूपीएमएल प्रत्येक भाषेची वेगळी नोंद करून एका स्वतंत्र टेबलात त्यांची गाठ मारतं. पॉलीलँगही वेगळ्या नोंदी करतं, पण गाठ वर्डप्रेसच्याच वर्गीकरणात बांधतं. एकातून दुसऱ्यात जाताना मजकूर जातो. गाठी जातीलच असं नाही.

म्हणून हलवण्याआधी मोजलं. खूण आहे पण आत काहीच नाही अशा जागा क्वेरीने सापडतात. मराठीच्या खणात इंग्रजी चिकटवलंय का, हे देवनागरी अक्षरांचं प्रमाण पाहून कळतं. मराठीच्या खणात हिंदी असेल तर? लिपी एकच! तिथे 'आहे' आणि 'है' मोजले, आणि मदतीला आपला ळ. मोठ्या लेखात एकही ळ नाही म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. हा ळ-निकष इतका चांगला चालला की मला त्याचं पेटंट घ्यावंसं वाटलं. :)

या सगळ्या चाळण्यांतून सुखरूप पार पडलं ते सर्पदंशाचं पान. तिन्ही भाषा भरलेल्या, शंभर टक्के. पण इंग्रजीत लिहिलं होतं की दंशाच्या वर घट्ट आवळून बांधू नका, रुग्णाला हलू न देता लगेच दवाखान्यात न्या. मराठीत अजूनही दोरीने घट्ट बांधायला सांगितलं होतं. इंग्रजी कधीतरी सुधारलं गेलं, मराठी राहिलं, आणि क्यूट्रान्सलेटमध्ये दोन्ही एकाच नोंदीत असल्यामुळे शेवटच्या बदलाची तारीखही एकच! कुठली भाषा कधी बदलली हे तिथे कळायला मार्गच नाही. शेतात साप चावलेल्या माणसाचा पोरगा मोबाइलवर कुठलं पान उघडेल, हे सांगायला नको.

ते पान त्याच दिवशी दुरुस्त करून घेतलं. बाकीची उपचारांची सगळी पानं आता संस्थेतल्या डॉक्टर बाई दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून ओळीनं ओळ वाचताहेत, आणि मी प्रत्येक भाषांतराला एक वेगळा रकाना जोडलाय: हे मूळच्या कुठल्या तारखेच्या मजकुरावरून केलं. बाईंची निम्मी पानं झालीत. त्या संपेपर्यंत पॉलीलँग थांबेल. जुना डेटाबेस मात्र खुणांसकट तसाच बाजूला काढून ठेवलाय.