टोप्यांच्या फळीपासून 55 सेंटिमीटरपर्यंत: केबिन बॅगेची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका सांगाड्यापासून करूया. विमानतळावर गेटजवळ धातूच्या पट्ट्यांचा एक सांगाडा उभा असतो बघा. बॅग त्यात बसली तर तुम्ही निवांत. नाही बसली तर सगळ्या रांगेसमोर चेन उघडा, दोन जॅकेटं अंगावर चढवा, नाहीतर पैसे भरा. पहिल्यांदाच विमानाने निघालेल्या माणसाला तर तिथे घामच फुटतो.

पण बॅग केवढी असावी, हे ठरवलं कोणी? हा इतिहास गमतीचा आहे, आणि त्याच्या शेवटी तुमच्या कामाचा एक आकडाही सापडतो.

1960 च्या दशकातलं विमान डोळ्यांसमोर आणा. सीटच्या वर दार नसलेली उघडी फळी असायची. तिचं नावच ‘हॅट रॅक’, म्हणजे टोप्या ठेवायची फळी. टोपी, कोट, उशी एवढंच तिच्यावर ठेवायचं. कारण उघडं आहे: विमान हिंदकळलं तर जड वस्तू थेट खालच्याच्या डोक्यात! मोठी सुटकेस विमानाच्या पोटात जायची आणि ती उचलायला हमाल असायचे.

मग जानेवारी 1970 मध्ये बोइंग 747 प्रवासी घेऊन उडू लागलं. त्यात वरच्या कप्प्यांना दारं होती. आता तिथे खरंखुरं सामान ठेवता येऊ लागलं.

त्याच वर्षी बर्नार्ड सॅडो नावाचे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासोबत अरुबा बेटावरून परत येत होते. दोन्ही हातांत दोन जड सुटकेस. विमानतळावर त्यांना दिसलं की एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या पाटावरून आरामात ढकलत नेतोय. सॅडो स्वतः सुटकेस बनवणाऱ्या कंपनीतच होते! त्यांनी सुटकेसला चार चाकं लावली आणि ओढायला पट्टा. पण दुकानदार घेईनात. पुरुषमाणूस बॅग उचलतो, ओढत नेणं त्याला शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत होती, असं सॅडो पुढे सांगत. शेवटी ‘मेसीज’ या मोठ्या दुकानाने ती विकायला घेतली आणि 1972 मध्ये पेटंटही मिळालं.

तरी ती बॅग वळणावर डुलायची, कलंडायची. त्यावर उपाय काढला तो रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने. 1987 मध्ये त्याने बॅग उभी केली, दोनच चाकं ठेवली आणि वर लांब दांडी बसवली. आधी त्याने ती विमानातल्या सहकाऱ्यांना विकली. एअर होस्टेस आणि वैमानिक टर्मिनलमधून ऐटीत बॅग ओढत जाताना प्रवाशांनी पाहिले, आणि सगळ्यांनाच तशी बॅग हवीशी झाली.

इथेच खरी मेख आहे. बॅग ओढणं सोपं झालं, तशी ती सोबत नेणारेही वाढले. त्यातच अमेरिकेने 1978 मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा केला होता, त्यामुळे विमानांत गर्दी वाढतच होती. मग 2008 साली तेल महागलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने चेक-इनच्या पहिल्याच बॅगेला 15 डॉलर लावले. पाठोपाठ इतरही आल्या. लोकांनी काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. सगळं सामान केबिनमध्ये! कप्पे तुडुंब भरू लागले.

म्हणून जून 2015 मध्ये ‘आयाटा’ने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एक माप सुचवलं: 55 × 35 × 20 सेंटिमीटर. एवढ्याच बॅगा असतील तर सगळ्यांना जागा मिळेल, असा हिशोब. अमेरिकेत लगेच ओरड झाली. तिथे चालणारी बॅग याहून जवळपास 3 सेंटिमीटर जाड. मग घरातल्या चांगल्या बॅगा काय टाकून द्यायच्या? काही दिवसांतच संघटनेने हा बेत थांबवला.

आता आपल्याकडे या. आपल्या देशांतर्गत विमानांत केबिन बॅगेला साधारण 7 किलोची मर्यादा असते. मापाचं म्हणाल तर काही कंपन्या 55 × 35 × 25 सांगतात, काही 55 × 40 × 20. दोन्हींची बेरीज 115 च. पण 25 सेंटिमीटर जाडीची बॅग 20 च्या फटीत जाणार कशी? आणि 40 रुंदीची 35 मध्ये? दोन्हीकडे बसणारं माप एकच: 55 × 35 × 20. म्हणजे 2015 मध्ये बारगळलेलं तेच माप!

तेव्हा दुकानात जाताना टेप घेऊन जा. चाकं आणि दांडीसकट मोजा, कारण सांगाडा त्यांना सूट देत नाही. ‘22 इंची’ म्हणजे जवळपास 56 सेंटिमीटर, हेही लक्षात असू द्या. आणि रिकामी बॅग वजनकाट्यावर ठेवा. ती 3 किलो भरली, तर तुमच्या सामानाला उरले फक्त 4. युरोपात शिकायला जाणाऱ्यांनो, तिथल्या काही स्वस्त कंपन्या फुकटात फक्त सीटखाली मावेल एवढीच बॅग नेऊ देतात. तिकीट काढण्याआधी हे बघा.

चाकांनी हमालाची मजुरी वाचवली खरी. पण बॅगेचं माप चुकलं, तर त्याहून जास्त पैसे गेटवर मोजावे लागतात. भेटूया पुढच्या भागात!