गाय, कॅशियर आणि आ ला कार्त

बोटीवर जेवायला काय मिळतं, हा प्रश्न माणसाला बोट लागेपर्यंतच पडतो. एकदा बोट लागली की श्रीखंडाचंसुद्धा नाव काढवत नाही. तरीही जहाज कंपन्या जवळजवळ दोन शतकं उतारूंना आग्रह करकरून वाढताहेत. याला व्याही-पंक्तीतला आग्रह म्हणावा की धंदा, हे बिल आल्यावरच कळतं.

१८४० साली क्यूनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून अमेरिकेला निघाली, तेव्हा ताज्या दुधासाठी बोटीवर चक्क एक गाय होती. फ्रिज नसल्यामुळे दूध आपल्या पायांनी चालत बोटीवर चढलं होतं! दोन वर्षांनी त्याच बोटीने चार्ल्स डिकन्स गेला आणि तिथल्या जेवणाच्या दालनाला त्याने शववाहिकेची उपमा दिली. अशा ठिकाणी 'आज स्पेशल काय?' असं विचारायची कोणाची छाती होणार?

ती सोय झाली १९०५ साली. जर्मनीच्या हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनने आपल्या 'अमेरिका' जहाजावर सुप्रसिद्ध हॉटेलवाले सेझार रिट्झ यांच्या मदतीने वेगळं रेस्टॉरंट काढलं. तोवर समुद्रावर पंगत असे. ठरल्या वेळी बसायचं, त्या दिवशीच्या यादीतलं खायचं, पैसे भाड्यात आलेलेच. आता 'आ ला कार्त' आलं. हवं तेव्हा, हवं ते, पैसे वेगळे. म्हणजे खाणावळीच्या कूपनवाल्याने एकदम फॅमिली रूमचा पडदा सारून आत जाण्यातला प्रकार!

मग १९१२ साली 'टायटॅनिक' आली. तिच्यावर पहिल्या वर्गासाठी असंच रेस्टॉरंट होतं. सगळा प्रवासभर तिथेच जेवणार असं आधी कळवलं, तर तिकिटात सूट मिळे. आजच्या जहाजावर असल्या खास रेस्टॉरंटात गेलात तर बहुधा ज्यादा आकार पडतो आणि मुख्य भोजनगृहात न खाल्लेल्या जेवणाबद्दल कोणी छदाम परत देत नाही. दुसऱ्या वर्गाच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणात कोंबडीची करी आणि भात होता. मध्यमवर्ग कुठल्याही बोटीत बसवा, शेवटी भातावरच येतो.

ते रेस्टॉरंट लुईजी गात्ती नावाचा इटालियन माणूस स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचा. त्याची साठ-सत्तर माणसं, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. पगार गात्तीचा, त्यामुळे ती धड कंपनीची नोकर नव्हती आणि उतारू तर नव्हतीच. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर कुठल्याच खात्यात न बसणारी रक्कम. अशी रक्कम आम्ही 'सस्पेन्स'मध्ये टाकतो.

जहाज बुडालं, तेव्हा त्यांच्यातली फक्त तिघं वाचली. दोन बायका, दोघीही कॅशियर; आणि एक स्वयंपाकघरातला कारकून. दोन कॅशियर आणि एक कारकून! एवढंच वाचून आमच्या जमातीची छाती फुगायला हरकत नव्हती. पण त्या कारकुनाने लंडनच्या चौकशीत दिलेली साक्ष वाचली की ती आपोआप खाली बसते. रेस्टॉरंटच्या माणसांना वरच्या डेकवर जाऊ देत नव्हते, असं त्याने सांगितलं. तो आणि मुख्य आचारी मात्र साध्या कपड्यांत होते, उतारूंसारखे दिसत होते, म्हणून सुटले. खाली जाणाऱ्या होडीत त्याने उडी मारली. आचाऱ्यालाही 'मार उडी' म्हणून ओरडला. पण आचारी फार लठ्ठ होता. त्याला जमलं नाही.

लठ्ठ आचाऱ्यावर विनोद करणं हा आम्हा लिहिणाऱ्यांचा पिढीजात हक्क. इथे तो बजावायला हात होत नाही.

पुढे विमानं आली आणि जहाज हे पोचण्याचं साधन न राहता सहलीचं ठिकाण झालं. १९९० साली 'क्रिस्टल हार्मनी'वर इटालियन आणि जपानी अशी वेगळी रेस्टॉरंटं निघाली. २००० सालापासून नॉर्वेजियन कंपनीने ठरल्या वेळी ठरल्या टेबलावर बसण्याची सक्तीच काढून टाकली. २०२४ साली निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर तर खाण्यापिण्याची वीसहून जास्त ठिकाणं आहेत. सात दिवसांची सहल आणि वीस ठिकाणं! हे गणित कॉमर्सच्या पदवीने सुटत नाही, त्याला पोटच मोठं लागतं.

या सगळ्या पंगतींमागे वाढपी कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून पिढ्यान् पिढ्या गोव्याची माणसं राबली. बोट मिळेपर्यंत ती मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात राहायची. आजही क्रूझच्या भटारखान्यात गोवेकर भेटतो. साहेबाला मेन्यूत निवड, याला ड्युटीत नाही.

'टायटॅनिक'नंतर १९१४ साली लंडनला देशोदेशींचा करार झाला : जहाजावरच्या प्रत्येक माणसाला बचावनौकेत जागा हवी. 'प्रत्येक माणसाला' म्हणजे आचाऱ्यालाही. आणि तो कितीही लठ्ठ असला तरी. समुद्रावरच्या दोनशे वर्षांच्या मेन्यूत मला सगळ्यात रुचकर वाटलेलं कलम हेच. आणि त्याला ज्यादा आकार नाही.