‘अलार्म वाजला नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

औद्योगिक दुर्घटनांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य तुमच्या हाती लागतं: अलार्म वाजला नाही. बातम्यांत असतं, साक्षींत असतं. मीही सुरुवातीला ते जसंच्या तसं टिपणात उतरवायचो. मग डीपवॉटर होरायझनच्या चौकशीचे कागद वाचले.

हे मेक्सिकोच्या आखातातलं तरंगतं खोदकाम-रिग, २००१ साली दक्षिण कोरियात बांधून झालेलं. २० एप्रिल २०१० च्या रात्री विहिरीतून उसळलेला वायू रिगवर पसरला, स्फोट झाले आणि १२६ पैकी ११ जण गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये रिगच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने साक्षीत सांगितलं की सगळ्या रिगला जागं करणारा अलार्म ‘इनहिबिट’ करून ठेवला होता. म्हणजे सेन्सर चालू, पॅनेलवर दिवे लागणार, पण भोंगा आपोआप वाजणार नाही. कारण? खोट्या अलार्मने पहाटे तीनला लोकांची झोपमोड नको, असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं तो म्हणाला. मालक कंपनी ट्रान्सओशनचं म्हणणं वेगळं: ही रचना मुद्दाम केलेली आणि सागरी प्रथेला धरून होती, ब्रिजवरच्या माणसाने खात्री करून मग भोंगा द्यायचा. त्या रात्री तो वाजला, पण स्फोटानंतर.

आता बघा, बटण कुठल्या स्थितीत होतं यावर दोघांचं भांडण नाहीच. भांडण त्या स्थितीच्या अर्थावर आहे. तुमचा संशोधन-प्रश्न इथून सुरू होतो: ही स्थिती कधीपासून, कोणाच्या सहीने, आणि कुठे लिहून ठेवली होती का?

यासाठी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. अशी यंत्रणा कार्यान्वित करताना प्रत्येक डिटेक्टरवर चाचणीचा वायू सोडतात, आकडा बरोबर दाखवतोय का पाहतात, मग पुढची साखळी तपासतात: कुठला सेन्सर लागला की कुठला भोंगा, कुठला व्हॉल्व्ह, कुठला पंप. सगळं जुळलं की सह्या होतात. तो कागद फक्त त्या दिवसाचा असतो. नंतर वेल्डिंग आहे म्हणून एक सेन्सर बंद करतात, दुरुस्तीसाठी दुसरा, आणि ते पुन्हा चालू करायचं कोणीतरी विसरतं.

त्यात ज्वलनशील वायूच्या जुन्या डिटेक्टरांची एक खोड आहे. त्यातल्या उत्प्रेरक मण्यावर वायू जळतो, मणी तापतो, त्यावरून आकडा येतो. सिलिकोनच्या वाफांनी हा मणी निकामी होतो, आणि निकामी मणी शून्यच दाखवतो, स्वच्छ हवेत दाखवतो तेच. म्हणून ठराविक मुदतीने खरा वायू सोडून पाहावं लागतं. नोंदवहीत ओळीने शून्य दिसले तर ‘सगळं ठीक होतं’ असं लिहू नका. शेवटची चाचणी कधी झाली ते आधी शोधा.

याच प्रश्नांनी पायपर अल्फा वाचून पाहा. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, १६७ मृत्यू. तिथे गॅस अलार्म वाजले होते, पहिल्या स्फोटाच्या थोडं आधी. पण आगीचे पंप ‘मॅन्युअल’वर होते, कारण पाणबुडे पाण्यात असताना ते आत ओढले जाऊ नयेत. पाणबुडे पंपाच्या तोंडाजवळ असतील तेवढ्यापुरतंच हे करा, अशी सूचना त्याआधीच्या एका ऑडिटने केली होती. काळजीपोटी सुरू झालेली सवय होती ती. तिला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पटत नाही.

दोन्ही ठिकाणी एक व्यावहारिक अडचण येते. डीपवॉटर होरायझन दोन दिवसांनी बुडालं, पायपर अल्फाचाही बहुतेक भाग समुद्रात गेला. रिगवरच्या नोंदवह्या तळाशी. उरतात त्या वाचलेल्यांच्या साक्षी आणि आधी किनाऱ्यावर पोचलेले कागद. सप्टेंबर २००९ मध्ये बीपीने केलेल्या ऑडिटमध्ये डीपवॉटर होरायझनवर देखभालीची ३९० कामं थकलेली सापडली होती. ती सगळी अलार्मची नव्हती. पण संग्रहात अर्ज करताना अपघाताच्या रात्रीचे कागद मागण्याआधी ही फाइल मागा.